आमचे साडू आणि अमेरिकेचा अकरावा अध्यक्ष

अमेरिकेच्या अकराव्या अध्यक्षाची मनापासून काळजी करणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर आता एकच उरला आहे, आणि तो भोकरदन तालुक्यात धावड्याला राहतो. खुद्द अमेरिकेत त्या अध्यक्षाची कोणाला फारशी आठवण येत असेल असं वाटत नाही. तिकडे लोकांना कामं असतात. कामं यांनाही आहेत. रान आहे, दोन म्हशी आहेत, मिरचीची रोपं लावायची असतात, म्हशीसाठी डॉक्टर आणायचा असतो. पण हे सगळं अकराव्याचं सांगून झाल्यावर. हे गृहस्थ माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. साडू हे नातं मोठं गमतीचं. त्यात रक्त नसतं, निवड नसते, नुसता एक सासरा सामायिक असतो, आणि एवढ्या भांडवलावर दोन परके पुरुष जन्मभर एकमेकांना 'पाव्हणं' म्हणत राहतात. माझ्या लग्नात मी बाशिंग सावरत बसलेलो असताना हे शेजारी येऊन टेकले आणि पहिलंच वाक्य बोलले ते असं: "पाव्हणं, मेक्सिकोबद्दल तुमचं काय म्हणणं हाय?" अंगाला हळद लागलेला माणूस काय म्हणणार? मी म्हटलं, "चांगलं आहे." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "लई वाईट झालं हो त्यांचं." मला वाटलं, ओळखीतलं कोणी गेलं असावं.

या वेडाचं मूळ परीक्षेत आहे. तरुणपणी साडूंनी बाहेरून एम.ए. करायचं मनावर घेतलं होतं. विषय इतिहास. त्यात अमेरिकेचा एक पेपर होता, आणि कोणा जाणत्यानं त्यांना छातीठोकपणे सांगितलं की यंदा अकराव्या अध्यक्षावरच प्रश्न येणार, बाकीचं वाचत बसू नका. साडू मोठ्यांचं ऐकणारे. त्यांनी बाकीचं वाचलं नाही. पहिल्या वर्षी प्रश्न आला नाही. दुसऱ्या वर्षीही आला नाही, पण तोवर त्यांचा आणि अकराव्याचा चांगला घरोबा झाला होता. तिसऱ्या वर्षी प्रश्न आला, तो सर्वांत शेवटी, थोडक्यात टीप लिहा म्हणून. साडू जे टीप लिहायला बसले ते शेवटची घंटा होईपर्यंत लिहीतच राहिले. पुरवण्या देऊन देऊन पर्यवेक्षक दमला. बाकीचे प्रश्न बघायला सवड झाली नाही. पेपर गेला, एम.ए. गेलं, पण त्या टिपेला पैकीच्या पैकी मिळाले असणार याबद्दल त्यांच्या मनात आजही शंका नाही. "तपासणाऱ्यानं ती टीप घरी नेली आसंल," असं ते म्हणतात.

अकराव्याच्या लढाईची कथा ते कशी सांगतात हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या बैलाचं दावं आडवं टाकायचं आणि त्याच्या पलीकडे मोबाईलच्या चार्जरची वायर. या दोन नद्या. "आता बघा पाव्हणं. अलीकडं ही नदी, पलीकडं ती नदी. मधी रान. मेक्सिकोवाले म्हणं, तुमची हद्द अलीकडच्या नदीलोक. अकरावा म्हणं, न्हाई, आमची हद्द पलीकडच्या नदीलोक. त्यानं आधी मुलूख इकत मागितला. त्यांनी देत न्हाई म्हणून सांगितलं. मंग ह्यानं काय करावं? फौज नेली आन मधल्या रानात उभी केली. भांडण न्हाई, शिवी न्हाई, नुसती उभी. समोरच्याला राग येणारच की! त्यांनी हाणलं, तसा हा तिकडल्या दिल्लीत उठून म्हणला, आमच्या जमिनीवर आमचं रक्त सांडलं! झाली लढाई सुरू." मग ते आवाज खाली आणतात. "मंग एक नवा लांबोडका सभासद उठला. म्हणला, रक्त सांडलं ती जागा तेवढी दाखवा. कोणी दाखवली न्हाई. निम्मा मेक्सिको गेला, पाव्हणं. कॅलिफोर्निया त्यातच गेलं." हे म्हणताना ते वायर उचलून खिशात टाकतात.

या अध्यक्षाबद्दल त्यांचं मत मात्र एकदम न्यायाधीशाचं आहे. कामाला वाघ होता, हे ते मान्य करतात. एकदाच निवडणुकीला उभा राहीन म्हणाला आणि खरोखर एकदाच राहिला, असा सरपंच आपल्याकडे दाखवा म्हणतात. पण शेवटी मान हलवून निकाल देतात: "माणूस चोख होता, पण धुरा कोरणारा होता." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या भागात बांध एका दिवसात कोणी खात नाही. दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधाच्या अंगात घालायचं, शेजाऱ्याला राम राम करायचा आणि घरी जायचं. दहा-वीस वर्षांनी बांध शेजाऱ्याच्या रानात उभा असतो आणि कोणीच काही केलेलं नसतं. साडूंच्या मते अकराव्यानं हेच केलं, फक्त त्याच्याकडे घोडदळ होतं.

एकदा ही दृष्टी आल्यावर मग माणसाला सगळीकडे मेक्सिकोच दिसू लागतो. जाफराबादच्या स्टँडवर एस.टी. लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात. रुमाल पडला की सीट आपली, हा आपल्याकडचा कायदा. साडूंना तो मान्य नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. दोन सीटा रिकाम्या, एकीवर टोपी, दुसरीवर शिताफळांची पिशवी. मी म्हटलं, पिशवी उचलून मांडीवर घेऊ आणि बसू. त्यांनी माझा दंड धरला. "जागा वादातली हाय, पाव्हणं. आधी बसंल त्यो गुन्हेगार." आम्ही जालन्यापर्यंत उभे आलो. त्या दोन सीटांवर टेंभुर्णीला चढलेलं एक जोडपं बसलं, त्यांना इतिहास ठाऊक नव्हता. जालन्यात मस्तगडला आमच्या घरासमोर शेजारी स्कूटर लावायचा, तेव्हा साडूंनी मला सल्ला दिला की स्कूटरला हात लावू नका, तो त्याचीच वाट पाहतो आहे. मी लावला नाही. आता तिथे त्याची चारचाकी असते.

लग्नकार्यात तर विचारू नका. त्यांच्या पुतणीच्या हळदीला डीजे आणला होता. पोरं नाचायला उठणार एवढ्यात यांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं की अकराव्याच्या बायकोनं अध्यक्षांच्या बंगल्यात नाच आणि दारू दोन्ही बंद केली होती, आणि तरी तिथल्या पंगतीला गर्दी कमी झाली नव्हती. डीजेवाला नवीन होता. त्याला वाटलं, कोणी मोठ्या बाई मंडपात आल्यात. त्यानं अदबीनं आवाज बंद केला आणि उभा राहिला. आमच्या अक्का, म्हणजे यांच्या पत्नी, त्या बायकांच्या घोळक्यातूनच ओरडल्या, "अहो, ती बाई कव्हाची मेली! वाजव रे तू!" संसार अक्कांनी असाच, आवाज खाली न आणता, सांभाळला आहे.

सगळ्या गावात ही कथा पुरी ऐकून घेणारा माणूस एकच होता, यांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले. धाकट्याला यांनीच वाढवलं, शाळेत घातलं, लग्न करून दिलं. पुढे वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, पण संध्याकाळी दूध काढून झालं की धाकटा थोरल्याच्या ओट्यावर येऊन बसायचाच. दावं पडायचं, वायर पडायची. त्याला कथा पाठ होती. तरी फौज मधल्या रानात उभी राहिली की तो दर वेळी पुढे सरकून विचारायचा, "मंग, दादा?" आणि साडू नव्यानं सांगायचे. मी हे कैक वेळा पाहिलं आहे. त्या ओट्यावर साडूंचा चेहरा एम.ए. पास झालेल्या माणसाचा असायचा.

आणि नेमकं या दोघांच्याच रानात ते घडावं! वाटणीत दोघांची हद्द ओढा ठरली होती. ओढ्याच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. काही वर्षांमागे एका पावसाळ्यात ओढ्यानं कूस बदलली आणि थोरल्याच्या रानात घुसून तो नवीच वाट करून वाहू लागला. जुनं पात्र कोरडं पडलं. जुन्या आणि नव्या पात्राच्या मधे पट्टा उरला, अर्धा-पाऊण एकर, वर गाळाचा थर, मिरचीला सोन्यासारखा. थोरला म्हणे, हद्द जुन्या पात्रापर्यंत, पट्टा माझा. धाकटा म्हणे, वाहत्या पाण्याच्या माझ्या अंगाला आहे, पट्टा माझा. म्हणे म्हणजे मनात. बोललं कोणीच नाही. थोरल्यानं सगळ्या गावाला शिकवलं होतं की वादाच्या जागेत आधी पाऊल टाकेल तो अकरावा. त्यामुळे पट्ट्यात दोघांपैकी कोणीच पाऊल टाकेना. तालुक्यातली सर्वांत कसदार जमीन पडीक पडली आणि तिच्यात कमरेएवढं गवत माजलं. दोन्ही जावा आपापल्या घरी नवऱ्याला बोलत. संध्याकाळी नवरे ओट्यावर बसून मेक्सिकोचं बोलत.

मग एका उन्हाळ्यात पहाटे साडू ओढ्यावर गेले आणि पाहतात तो पट्ट्यात मेंढ्या. चांगला मोठा कळप, भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली, कडेला मेंढपाळाची चूल. आमच्याकडे पेरणीआधी रानात मेंढ्या बसवतात. खत होतं, आणि रानाचा मालक मेंढपाळाला ज्वारी देतो. म्हणजे मेंढ्या ज्यानं बोलावल्या, रान त्याचं. यांच्या अंगाला ओढ्याला पाणी होतं, तेव्हा कळप धाकट्याच्या बाजूनंच आला होता हे उघड दिसत होतं. साडूंनी मेंढपाळाला हाक मारली नाही, भावाला विचारलं नाही. तसेच माघारी फिरले आणि अक्कांना म्हणाले, "घातली त्यानं फौज."

अक्का भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मेंढरं हायत ती."

"फौजच ती. नुसती उभी हाय. मी बोलावं म्हणून उभी हाय."

"मंग नका ना बोलू. आन मला एवढंच दाखवा, ती जागा तुमची कधी झाल्ती?"

इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेल्या कथेतला लांबोडका सभासद अक्कांच्या तोंडून बोलला, पण साडूंच्या ते ध्यानात आलं नाही. वाहत्या पाण्याच्या पलीकडच्या दुसऱ्या पात्रापर्यंत आपली हद्द आहे असं म्हणणारा कोण होता, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते स्वतःला मेक्सिको समजून चालले होते. पहिल्या काळीपिवळी जीपनं ते भोकरदनला गेले आणि सरकारी मोजणीचा अर्ज देऊन आले.

दुपारी मेंढपाळ आपण होऊन यांच्या दारात ज्वारी मागायला आला. म्हणाला, "मालक, रान पडीक दिसलं, गवत लई होतं, बसवल्या मेंढ्या. इचारायला कोणीच न्हवतं. तिकडल्या मालकाकडं गेल्तो, ते म्हणले दादाला इचार." साडूंनी त्याला ज्वारी दिली. पायलीनं द्यायची ती पोत्यानं दिली, असं अक्का सांगतात. पण अर्ज मागे घेतला नाही. मला फोनवर म्हणाले, "मशीन खरं सांगतंय, पाव्हणं. खरं इचारलं तर त्यात वाईट काय?" त्यांना उत्तर माहीत आहे हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मोजणीच्या दिवशी मी गेलो होतो, कारण अक्कांनी बोलावलं होतं. आता मोजणीला साखळी नसते. खांबावर एक तबकडी बसवतात आणि ती थेट आभाळाला विचारते. आभाळानं सांगितलं, पट्टा थोरल्याचा. जुन्या पात्राच्या कडेनं हद्दीचे दगड रोवले गेले. जमलेल्या लोकांनी साडूंचा हात हातात घेतला. धाकट्यानं कागदावर सही केली, म्हणाला, "बराबर हाय. दादाचंच हाय," आणि मोजणीवाल्यांना चहाला घेऊन गेला. चहा त्याच्याच घरचा होता. त्यानं आम्हालाही पाजला, साखर पुरेशी आहे का ते विचारलं. रागाचा एक शब्द नाही. त्या संध्याकाळी तो ओट्यावर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटेत दिसला की थांबायचा, मान तुकवायचा, तब्येत विचारायचा, जसं मोठ्या माणसाची विचारतात. साडू रोज दूध काढून झाल्यावर ओट्यावर बसायचे. अक्का सांगतात, दावं टाकायचे नाहीत. नुसतं हातात धरून बसायचे.

पट्टा कसायचा म्हणजे त्यांना धोतर खोचून ओढा ओलांडावा लागे. ट्रॅक्टर ओढ्यातून नेता येत नव्हता आणि धाकट्याच्या रानातून न्या म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यांनी एकदा निरोप धाडला की पट्टा तूच कर. उत्तर आलं, "सरकारी दगड हायत, दादा. मी न्हाई येत आत." अखेर साडूंनी कुदळीनं खणून त्यात मिरची लावली. ती आली मात्र अशी की बघत राहावं.

श्रावणात मी आणि माझी बायको सहज म्हणून गेलो आणि मिरची तोडायला धरले गेलो. तोडणीला बाया मिळत नव्हत्या. सगळ्या गावाची मिरची एकदमच तोडणीला आली होती. आम्ही चौघं ओढा ओलांडून पट्ट्यात उतरलो. साडूंनी आयुष्यात मिरची फार तोडली नसावी, ते खातं अकराव्यामुळे अक्कांकडे होतं. देठ तुटत होते, फांद्या मोडत होत्या, हात पेटले होते. मी एकदाच चुकून नाक पुसलं आणि पुढचा बराच वेळ मला कोणत्याही देशाचा इतिहास आठवला नाही. एवढ्यात पलीकडच्या कडेला हालचाल दिसली. धाकटा आणि त्याची बायको दगडांपाशी उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मग धाकट्यानं चप्पल काढली, दगडांच्या आत पाऊल टाकलं आणि आमच्या समोरच्या टोकाकडून तोडायला लागला. दोन्हीकडून ओळ संपत आली आणि दोघे भाऊ एका झाडाच्या दोन बाजूंना आले. साडूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात डोळ्याकडे गेला.

"दादा! डोळ्याला लावू नका हात!" धाकटा असा ओरडला की पाखरं उडाली. त्यानं थोरल्याचं मनगट धरलं, तसंच ओढ्यापर्यंत नेलं आणि लहान मुलाचे धुवावेत तसे त्याचे हात धुतले, आधी माती लावून, मग पाण्यानं. साडू सत्तरीच्या घरातले. त्यांनी धुवू दिले. माझं नाक अजून आगीत होतं, म्हणून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं त्याचा हिशेब कोणी विचारला नाही.

आता मिरची दोघं मिळून करतात. दगड आहेत तिथेच आहेत, ओळी त्यांना वळसा घालून जातात. धाकटा ओट्यावर येतो. रोज नाही, पण येतो. पण घरच्यासारखा नाही, पाहुण्यासारखा येतो, आधी खाकरतो. मिरचीच्या भावाचं बोलतात, म्हशीचं बोलतात. पण साडूंनी अकराव्याचं नाव घेणं सोडलं आहे. ज्या कथेपासून मी आयुष्यभर पळत आलो, ती ऐकायला मिळत नाही म्हणून मला त्या घरी करमेनासं होईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. गेल्या खेपेला मला राहवलं नाही. धाकटाही बसला होता. मीच कोपऱ्यातलं दावं उचललं, आडवं टाकलं, वायर शोधली, तीही टाकली, आणि म्हटलं, "साडूसाहेब, तेवढं एकदा सांगा. फौज मधल्या रानात उभी केली, आणि मग अकरावा काय म्हणाला?"

धाकटा खाली बघत होता. साडूंनी दोन्ही नद्यांकडे पाहिलं. मग वाकून वायर उचलली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"जाऊ द्या हो, पाव्हणं," ते म्हणाले. "वारला तो."